विज्ञान शिक्षकांसाठी महाविद्यालयाची कार्यशाळा : कोकणातल्या शाळांसाठी काय ठेवावं, काय गाळावं?

सड्यावरचा
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभाग मिळून माध्यमिक शाळांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी कार्यशाळा घेणार आहेत. मंडणगडपासून राजापूरपर्यंतचे ४० शिक्षक, जानेवारीत सलग दोन दिवस. कच्चा आराखडा असा: उद्घाटन, तीन व्याख्यानं, प्रयोगशाळा दर्शन, दुसऱ्या दिवशी 'टाकाऊतून टिकाऊ', मग प्रमाणपत्र वाटप. प्रत्येक शाळेमागे साहित्यासाठी साधारण ५०० रुपये आहेत.

आराखडा बदलायला वाव आहे, म्हणून धागा काढतोय. शिक्षक परत गेल्यावर ३५ मिनिटांच्या तासात, ६० मुलांच्या वर्गात प्रत्यक्ष होईल असं काय द्यावं? मापं, साहित्य आणि 'हे इथे फसतं' हे सगळं सांगा. प्रेरणादायी सूचना नकोत, त्या आराखड्यात भरपूर आहेत.

काळा_फळा
आधी तारखा बदला. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा असते, त्याच्या आगेमागे स्नेहसंमेलन. दहावीला शिकवणारा शिक्षक सलग दोन दिवस सुटणारच नाही. मग मुख्याध्यापक ज्याला मोकळं सोडता येतं त्याला पाठवतात, आणि तो बहुधा विज्ञानाचा नसतो.

सलग दोन दिवसांऐवजी दोन शनिवार घ्या. एक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुसरा जानेवारीच्या मध्यावर. शनिवारी बऱ्याच शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे तासांचं नुकसान कमी. खरा फायदा मधल्या सहा आठवड्यांचा आहे. शिक्षक प्रयोग वर्गात करून पाहतो आणि फसलेला प्रयोग घेऊन दुसऱ्या शनिवारी येतो. ती दुपार तिन्ही व्याख्यानांपेक्षा जास्त कामाची होईल.

कर्तव्य रजेचं पत्र शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयामार्फत किमान १५ दिवस आधी शाळेत पोचायला हवं. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर मुख्याध्यापक सोडत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही. वेळ ११ ते ४ ठेवा. मंडणगडच्या माणसाला ५ ला सोडलंत तर तो मुक्कामालाच राहील.

उद्घाटन १० मिनिटांत उरका. शाल-श्रीफळाचे पैसे गाळणकागदाला लागतील.

सुरंगी
रसायनातलं एक देते, आम्ल-आम्लारी दर्शकाचं. पुस्तकात हळद आणि लिटमस आहेत. लिटमस शाळेत असतो, पण पावसाळ्यात डबी उघडी राहिली की निळ्या पट्ट्या लालसर होऊन बसतात. हळद फक्त आम्लारी दाखवते, आम्लात ती पिवळीच राहते. दोन्हीकडे रंग बदलणारी वस्तू कोकणात दारात असते, ती म्हणजे लाल जास्वंद.

वर्गासाठी सगळ्यात सोपी पद्धत: पाकळी गाळणकागदावर थेट घासायची. एका जोडीला एक पाकळी पुरे, म्हणजे ६० मुलांना ३० पाकळ्या, ६ फुलं. कागदावर जांभळट पट्टा उमटतो. एका टोकाला लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी-लाल, दुसऱ्या टोकाला धुण्याच्या सोड्याचं पाणी (अर्धा चमचा, अर्धा पेला पाण्यात) टाकलं की हिरवा. सगळं ७-८ मिनिटांत होतं.

पट्ट्या करून ठेवायच्या असतील तर ५ फुलांच्या पाकळ्या ५० मिलिलिटर गरम पाण्यात १० मिनिटं, मग गाळून कागद भिजवायचा आणि सावलीत वाळवायचा. उन्हात रंग उडतो. जून ते सप्टेंबर या पट्ट्यांना चार-पाच दिवसांत बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत मूठभर भाजलेले तांदूळ घालून त्यावर ठेवा.

आता फसतं कुठे:
वहीच्या कागदावर पाकळी घासली तर काही न टाकताच पट्टा निळसर-हिरवट होतो. गुळगुळीत पांढऱ्या कागदात बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची भर असते, म्हणजे कागदच आम्लारीधर्मी. शिक्षक गोंधळतो आणि प्रयोग चुकला म्हणून सोडून देतो. खरं तर तिथेच त्या तासातला सगळ्यात चांगला प्रश्न हाती आलेला असतो. गाळणकागद नसेल तर धुतलेलं पांढरं सुती कापड चालतं.
दुसरं, 'साबण म्हणजे आम्लारी' असं सांगून भांडी घासायचं द्रव साबण आणलं तर रंग हलत नाही. त्यातले बरेचसे जवळपास उदासीन असतात. कपड्यांची पावडर किंवा अंगाचा वडीचा साबण घ्या.

रापण
सुरंगीताई, कोकणात कार्यशाळा आणि कोकम नाही? प्रत्येक घरी असतं. तोही लालच रंग ना?

सुरंगी
रंगद्रव्य त्याच जातीचं आहे, अँथोसायनिन. पण कोकम स्वतःच इतकं आंबट असतं की दर्शक म्हणून ते हट्टी आहे. बिनमिठाची ५ सोलं १०० मिलिलिटर कोमट पाण्यात २० मिनिटं ठेवा, त्यातले १० मिलिलिटर घ्या आणि खायच्या सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने घाला. आधी नुसता फेस येतो, रंग ढिम्म. कोकमातलं आम्ल संपेपर्यंत तो बदलत नाही. मग गुलाबी फिकं होत जातं आणि शेवटी मळकट जांभळं-हिरवट दिसतं.

म्हणून कोकम दर्शकाच्या तासाला नको, पुढच्या उदासिनीकरणाच्या तासाला ठेवा. 'कोणाच्या घरच्या कोकमाला जास्त थेंब लागले?' हे मोजमाप झालं. सगळ्यांनी सोड्याचं पाणी एकाच भांड्यातलं (१०० मिलिलिटरला ५ ग्रॅम) आणि ड्रॉपर एकाच मापाचा घ्यायचा, नाहीतर थेंबांची तुलना निरर्थक. आगळ (कोकमाचा घट्ट रस) मात्र आणू नका. त्यात मीठ असतं आणि प्रत्येक घरी पाण्याचं प्रमाण निराळं.

मध्यान्ह
भौतिकशास्त्रासाठी कोकण किनाऱ्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण पसरलाय. दोन शाळांनी एकाच दिवशी, आपापल्या मध्यान्हाला सावली मोजली की पृथ्वीचा परीघ काढता येतो.

शून्य सावलीचा मोह टाळा. रत्नागिरीला (अक्षांश सुमारे १७°) सूर्य डोक्यावर येतो तो मेच्या ८ तारखेच्या आसपास आणि ऑगस्टच्या ५ च्या आसपास. मेमध्ये शाळेला सुट्टी, ऑगस्टमध्ये आभाळ. विद्यापीठांची पत्रकं दरवर्षी येतात, पण मुलांच्या हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा २८ फेब्रुवारी. राष्ट्रीय विज्ञान दिन असल्यामुळे शाळेला निमित्त लागत नाही आणि आकाश निरभ्र असतं. १ मीटरच्या काठीची मध्यान्हाची सावली अलिबागला (१८.६४°) सुमारे ५० सेंटिमीटर, मालवणला (१६.०६°) सुमारे ४५ सेंटिमीटर पडते. सावली भागिले काठी, त्यावरून (टॅन्जंटच्या कोष्टकातून) कोन. दोन्ही कोनांतला फरक २.५८° यायला हवा. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर साधारण २८७ किलोमीटर. ३६० ला २.५८ ने भागा, २८७ ने गुणा, ४० हजारांच्या जवळ येतं.

तीन ठिकाणी हमखास चुकतं.

एक, वेळ. घड्याळात १२ वाजले म्हणजे मध्यान्ह नव्हे. त्या दिवशी अलिबागला सूर्य सगळ्यात उंच येतो १२ वाजून ५१ मिनिटांच्या सुमारास, मालवणला १२.४९ ला. १२.३० ते १.१० दर पाच मिनिटांनी खूण करा आणि सगळ्यात आखूड सावली घ्या. मधल्या सुट्टीची वेळ शाळेने त्या दिवसापुरती सरकवावी.

दोन, सावलीचं टोक. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे १ मीटर काठीच्या सावलीची कड सुमारे १ सेंटिमीटर धूसर असते. एक गट धूसरपणाच्या आत खूण करतो, दुसरा बाहेर. अर्ध्या सेंटिमीटरची चूक म्हणजे जवळपास पाव अंश, म्हणजे २.५८ मध्ये नऊ-दहा टक्के. उपाय सोपा: काठीच्या टोकाला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आडवा लावायचा, त्याला ३ मिलिमीटरचं भोक. जमिनीवर सूर्याची गोल प्रतिमा पडते, तिच्या केंद्राशी खूण. उंची भोकापर्यंत मोजायची, आणि अंतर भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून. तो बिंदू भोकातून ओळंबा सोडून आधीच आखून ठेवा.

तीन, आणि हे खास आपल्याकडचं. शाळेच्या पडवीला पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो. मीटरला १ सेंटिमीटर उतार असेल आणि काठी गुण्या लावून जमिनीशी काटकोनात उभी केली, तर कोनात ०.५७° ची चूक येते. म्हणजे अख्खी ६४ किलोमीटरची. तीच काठी ओळंब्याने उभी केली तर त्याच पडवीवर सावलीत फरक पडतो जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा. ओळंबा प्रत्येक गावच्या गवंड्याकडे असतो.

काळा_फळा
मध्यान्ह सर, अंतर नकाशावर मोजायचं हे ठळक अक्षरांत छापा. मुलं गूगलवर रस्त्याचं अंतर बघतात आणि मुंबई-गोवा महामार्गाची सगळी वळणं पृथ्वीच्या परिघात मिसळतात.

मध्यान्ह
बरोबर. आणि सरळ रेषेतलं अंतरही नको, फक्त उत्तर-दक्षिण हवं. अक्षांशांचा फरक गुणिले १११ किलोमीटर करून पडताळून बघता येतं, पण ते मुलांना शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर परीघच त्यांच्या हाती दिल्यासारखा होतो.

साहेबाचा_ओटा
एक सुचवतो. सहल विजयदुर्ग किल्ल्यावर न्या. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ) तिथूनच हेलियम शोधला. शिक्षकांना अभिमान वाटेल.

मध्यान्ह
जरूर न्या, पण गोष्ट दुरुस्त करून. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर इंग्लंडमध्ये होता. भारतात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून निरीक्षण केलं. लॉकियरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेवर बसत नव्हती, त्यातून हेलियमची कल्पना आली. पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला सापडला १८९५ साली. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, मोठ्या लवाजम्यासह. किल्ल्याचं महत्त्व याने कमी होत नाही. उलट 'दावा कसा तपासायचा' याचा आयता पाठ मिळतो.

सीडीचा वर्णपटदर्शक (उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारं खोकं) तिथे करता येईल. पुठ्ठ्याची खोकी आतून काळी, दोन अर्ध्या ब्लेडच्या धारांमध्ये कागदाच्या जाडीची फट, समोर सीडीचा तुकडा तिरका. सीडीवर मिलिमीटरला ६२५ रेघा असतात. मिठाच्या ज्योतीत ५८९ नॅनोमीटरची पिवळी रेषा दिसते. हेलियमची ५८७.६ वर आहे, दोन्हींतलं अंतर या खोक्यात दिसणारच नाही. ते का दिसत नाही हे समजलं तर लॉकियरचं काम समजलं. एलईडी बल्ब आणू नका, त्यात सलग पट्टा दिसतो. जुना सीएफएल किंवा ट्यूबलाइट जपून ठेवा, त्यात पाऱ्याची हिरवी रेषा सुरेख दिसते. सूर्याकडे थेट खोकं धरायचं नाही, पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड पुरतो.

खाडीकाठ
घनता हा धडा नुसता सूत्रात शिकवला जातो. खाडीकाठच्या शाळांसाठी क्षारतामापी घ्या. समुद्राचं पाणी लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारांचं, घनता सुमारे १.०२५.

बहुतेक कार्यशाळांत स्ट्रॉच्या बुडाला मातीचा गोळा लावून 'हायड्रोमीटर' करतात. तो गोड्या पाण्यात १० सेंटिमीटर बुडला तर समुद्राच्या पाण्यात ९.७६ बुडेल. अडीच मिलिमीटरही नाही. मुलांना फरक दिसत नाही, शिक्षक 'दिसला' म्हणून लिहून घेतो.

खाली फुगीर भाग आणि वर बारीक दांडी हवी. रबरी बुचाची काचेची औषधाची कुपी (साबणाच्या पाण्यात उकळलेली), बाहेरचं घनफळ साधारण २० मिलिलिटर. घनफळ मापनपात्रात बुडवून मोजा. बुचातून ५ मिलिमीटर व्यासाची स्ट्रॉ खोचून एम-सील लावायचं. कुपीत कोरडी वाळू घालत जायची, गोड्या पाण्यात स्ट्रॉचं जेमतेम टोक वर राहील इतकी. आता समुद्राच्या पाण्यात तो जवळपास अडीच सेंटिमीटर वर येतो. दहापट फरक. वाळूवर वितळलेल्या मेणाचे चार थेंब टाका, नाहीतर ती एका बाजूला सरकते आणि कुपी कलते.

खुणा करण्यासाठी ३५ ग्रॅम मीठ घेऊन पाणी घालत १ लिटर करा. मग १७.५ ग्रॅमचं आणि ८.७५ चं. जाडं मीठ ओलं असतं, तव्यावर कोरडं करून मगच तोला.

तापमान विसरू नका. पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं तर घनता सुमारे ०.००२५ ने घटते. म्हणजे लिटरला तीनेक ग्रॅम मीठ कमी असल्यासारखं दिसतं. सगळे नमुने आणि गोडं पाणी तासभर एकाच बाकावर ठेवून मगच मोजा.

नमुने जेटीवरून दोरीला बाटली बांधून घ्यायचे, मुलांना पाण्यात उतरवायचं नाही. भरतीची वेळ काढायला गावातली तिथीची रीत वापरा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, पाऊणपटीत ४५ धरली आहेत, म्हणून ठोकताळा जमतो. उधाण (सगळ्यात मोठी भरती) आणि भांग (सगळ्यात छोटी) यांतला फरक मच्छीमारांच्या मुलांना शिक्षकापेक्षा जास्त माहीत असतो. त्या तासाला फळा त्यांच्याकडे द्या.

तिठ्यावरून
प्रयोग छान चाललेत, पण मुलं महाविद्यालयापर्यंत पोचतात कशी तेही बघा. 'प्रयोगशाळा दर्शन' म्हणजे १२० मुलं रांगेने काचेच्या कपाटांसमोरून. त्याऐवजी एका वेळी २० मुलं, एक उपकरण, दोन तास, वाचन मुलांनीच घ्यायचं. दाखवायला प्राध्यापक नकोत, त्याच तालुक्यातून आलेले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हवेत. अकरावीला विज्ञान घेतल्यावर काय जड गेलं, वसतिगृह कसं मिळालं, हे मुलं त्यांनाच विचारतात.

प्रवास: मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास असतो, पण तो घर ते शाळा मार्गाचा. शनिवारी महाविद्यालयात यायला तो चालत नाही. तीन-चार शाळा मिळून एस.टी.चा प्रासंगिक करार (अख्खी गाडी भाड्याने) करा आणि तो खर्च आयोजकांच्या अंदाजपत्रकात धरा. पालकांकडून ८० रुपये मागितले की पटावरची नेमकी तीच मुलं गळतात ज्यांच्यासाठी हे चाललंय.

आणि शिक्षकांच्या हाती एनएमएमएसचं (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचं) एक पान द्या. आठवीत परीक्षा, दोन पेपर, ९०-९० प्रश्न. सातवीत किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट), पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची. नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. निवड झालेल्या मुलांचेही पैसे अडकतात, कारण आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळत नाही किंवा दरवर्षीचं नूतनीकरण राहून जातं. महाविद्यालयातले दोन विद्यार्थी एक दुपार संगणक घेऊन बसले तर एका केंद्राचं (जवळपासच्या शाळांच्या गटाचं) काम निपटेल. हेही विज्ञान प्रसाराचंच काम आहे, फोटोत दिसत नाही इतकंच.

सड्यावरचा
भरपूर मिळालं, आभार. सुधारित आराखडा: डिसेंबरचा पहिला शनिवार जास्वंद, कोकम, क्षारतामापी. जानेवारीच्या मध्यावर फसलेले प्रयोग आणि सावलीची तयारी. २८ फेब्रुवारीला प्रत्येक शाळा आपापल्या जागी सावली मोजेल, आकडे एकाच तक्त्यात. व्याख्यान एकच, तेही जेवणानंतर नाही. सूक्ष्मदर्शकं शाळांना महिनाभर उसनी द्यायचा विचार आहे, काय सांभाळावं?

काळा_फळा
पावसाळ्यात देऊ नका, भिंगांना बुरशी धरते आणि ती पुसून जात नाही. नोव्हेंबर ते मे द्या. पेटीत २०० ग्रॅम सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं करायचं. पेटीच्या झाकणाला आतून वस्तूंची यादी चिकटवा आणि परत आल्यावर ती बघूनच सही. काच फुटली तर भरपाई मागायची नाही हे पत्रात लिहा, नाहीतर पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटातून बाहेर येणार नाही.

रापण
खाडीकाठदादा, स्ट्रॉची एक अडचण. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ पाच मिनिटांत फुगते. बॉलपेनची रिकामी रिफिल चालेल का? व्यास ३ मिलिमीटर.

खाडीकाठ
चालेल, उलट जास्त संवेदनशील. २० मिलिलिटरच्या कुपीला रिफिल लावली तर समुद्राच्या पाण्यात ती ७ सेंटिमीटर वर येईल, सांभाळायला अवघड. कुपी १० मिलिलिटर बाहेरच्या घनफळाची घ्या, मग साडेतीन सेंटिमीटर. रिफिलचं टोक कापून शाईचा अंश स्पिरिटने काढा आणि वरचं तोंड मेणाने बंद करा.

एकच जपा: दांडी बारीक झाली की पाण्याचा पृष्ठताण तिला खाली ओढतो. रिफिलला बोटाचं तेल लागलं तर पाणी नीट चढत नाही आणि वाचन काही मिलिमीटरने हलतं. मोजण्याआधी साबणाने धुवायची आणि त्यानंतर कुपीलाच धरायचं. कुपीला बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच टिचकी मारा.

सड्यावरचा
४० कुप्या आणि ४० रिफिल लागतील. रिफिल वर्गावर्गातून गोळा होतील. १० मिलिलिटरच्या कुप्या उकळून कोण देतं ते बघतो, पुढच्या शनिवारी पाच करून पाण्यात सोडतो आणि आकडे इथेच टाकतो.